बोळक्याचं पाणी

दातांच्या डॉक्टरांच्या दारात कुणी हौसेने पाऊल ठेवत नाही. हसत हसत येणारा एकतर वर्तमानपत्र टाकायला आलेला असतो, नाहीतर दार चुकलेला असतो. बाकी सगळे गाल धरून येतात आणि खुर्चीत बसायच्या आधीच परत जायची सबब शोधत असतात. अशा लोकांना बाकावर थोपवून धरायचं काम ताईंनी आयुष्यभर केलं.

त्यांच्याहून दुप्पट वयाचे म्हातारेसुद्धा त्यांना ताईच म्हणत. फोन घ्यायचा, नंबर लावायचा, थरथरणारा हात धरायचा आणि सांगायचं, ‘काही दुखणार नाही.’ दुखायचंच. हे ताईंना माहीत होतं, पेशंटलाही माहीत होतं, पण ताईंची सांगण्याची तऱ्हाच अशी होती की माणूस उठून आत जायचा. उरलेल्या वेळात त्या अवजारं उकळायच्या. मागच्या खोलीत स्टरिलायझर होता, म्हणजे झाकणाचं एक लांबट स्टीलचं भांडं. ते दिवसभर वाफाळत असायचं. ताईंच्या केसांना, कपड्यांना, डब्यातल्या जेवणालासुद्धा लवंगेच्या तेलाचा वास यायचा, आणि आता इतक्या वर्षांनी कुठे तो वास आला की त्यांचा जीव अजून गलबलतो.

त्या काळात डॉक्टरांनी कुठेसं वाचलं की मासे बघत बसलं की माणसाची भीती कमी होते. डॉक्टर म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दुपारी काचेची टाकी आली, संध्याकाळी नळाचं पाणी भरलं आणि दिवे लागायच्या आत त्यात सहा मासे सोडून झाले. टाकी बाकासमोर खिडकीशी ठेवली आणि तिची जबाबदारी, दवाखान्यातल्या बाकी सगळ्या गोष्टींप्रमाणे, ताईंच्या गळ्यात पडली.

ताईंना स्वच्छतेची एकच रीत ठाऊक होती. शनिवारी दुपारी दवाखाना लवकर बंद व्हायचा. मग मासे बादलीत काढायचे, टाकी घासून लख्ख करायची, आणि तळातले दगड, शिंपले, फिल्टरचा स्पंज, सगळं स्टरिलायझरमध्ये टाकून खळखळा उकळायचं. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरी बघायला कुणी नाही, म्हणून लेक शाळेतून थेट दवाखान्यातच येई. ती डॉक्टरांच्या गोल स्टुलावर बसायची आणि एकेक दगड आईच्या हातात द्यायची. दगड द्यायच्या आधी स्टुलासकट एक गिरकी घ्यायची. मायलेकींच्या गप्पा आठवडाभरात होत त्या तेवढ्याच वेळात. काम संपलं की टाकी अशी चमकायची की पाणी आहे की नाही ते कळू नये.

आणि पुढच्या शनिवारपर्यंत एखादा मासा उलटा तरंगत असायचा.

दातांच्या दवाखान्यात मेलेला मासा म्हणजे काय, हे समजायला फार अक्कल लागत नाही. अक्कलदाढ काढायला आलेला एक धिप्पाड पोलीस टाकीकडे बघून जो गेला तो परत आलाच नाही. डॉक्टर नवीन मासे आणून सोडत. ताई आणखी जोर लावून घासत, आणखी जास्त वेळ उकळत. मासे आणखी लवकर मरत. शेवटी एका शनिवारी त्या मागच्या खोलीत रडल्या. आपल्या हाताला गुण नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

यातून सोडवलं ते मासेवाल्याने. हा मासे पाळणाऱ्यांना मासे विकायचा. डॉक्टर दर वेळी त्याच्याकडूनच नवीन आणत, त्यामुळे त्याचा धंदा बरा चालला होता. पण एकदा त्याची दाढ ठणकली आणि तो स्वतःच बाकावर येऊन बसला. सुजलेला गाल धरून त्याने टाकी पाहिली, मग ताईंना विचारलं, धुता कशी. ताईंनी अभिमानाने सगळं सांगितलं. मासेवाल्याने गालावरचा हात काढून कपाळाला लावला.

दाढ काढून झाल्यावर अर्धा जबडा बधिर असताना, तोंडात कापसाचा बोळा धरून त्याने जे समजावलं ते ताईंनी जन्मभर जपलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा, उरलेल्या खाण्याचा अमोनिया होतो, आणि तो माशाचे कल्ले जाळतो. पण पाण्यात एक जातीचे जंतू असतात, ते अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. म्हणजे माशाची गत आगीतून फुफाट्यात, कारण नायट्राइटही विषच. मग दुसऱ्या जातीचे जंतू येतात, ते त्याचं नायट्रेट करतात. ते बरंचसं निरुपद्रवी. थोडं वनस्पती घेतात, उरलेलं आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे जंतू राहतात कुठे, तर स्पंजात, दगडांवर, काचेवर. दह्याला विरजण तसे पाण्याला हे. आणि ताई दर शनिवारी त्यांनाच उकळून काढत होत्या.

ताईंची दातखीळच बसली. डॉक्टर मात्र आतून ऐकत होते, ते पोट धरून हसले. म्हणाले, म्हणजे आता आतल्या खोलीत जंतू मारायचे आणि बाहेरच्या खोलीत पाळायचे. पगार मात्र एकच.

मग टाकी नव्याने लागली. या वेळी मासे नाहीत. नुसतं पाणी, दगड, स्पंज, आणि रोज चिमूटभर खाणं टाकायचं, तेही कुजवण्यासाठी. पेशंट विचारत, मासे कुठे आहेत. ताई सांगत, अजून पाणी तयार व्हायचंय. पाणी तयार व्हायचंय म्हणजे काय, ते कुणालाच कळत नसे, आणि गालाला हात लावून बसलेल्या माणसांना दुसरा उद्योग नसल्याने त्यावर बाकावर चर्चा रंगत. ताई काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकत. नळी पिवळी राहिली की अमोनिया नाही, हिरवी झाली की आहे. आधी गडद हिरवी झाली. मग हिरवा उतरला तर नायट्राइटची नळी जांभळी झाली. घाई करणार नाहीत ते डॉक्टर कसले, पण या वेळी तेही थांबले. महिना गेला, वर आणखी काही दिवस गेले, आणि एका सकाळी दोन्ही नळ्या जशा असाव्यात तशा होत्या. त्या दिवशी डॉक्टर स्वतः जाऊन दोन गोल्डफिश घेऊन आले.

त्यातला मोठा सारखा तोंड उघडायचा आणि मिटायचा. दातांच्या दवाखान्यात बिनदाताचं तोंड असं चारचौघांत मिरवणारा तो एकटाच. डॉक्टरांनी त्याचं नाव बोळका ठेवलं.

बोळका जगला. नुसता जगला नाही, फोफावला. ताई आता शिकल्या होत्या. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी काढायचं. आणि स्पंज पिळायचा तो त्याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीच नाही. स्पंज काळपट दिसला तरी त्याला साबण दाखवायचा नाही. ज्यांना हे बघून आपल्याही घरी टाकी ठेवावीशी वाटे, त्यांना ताई आपल्या स्पंजाचा तुकडा कापून देत. दवाखान्यात द्यायला डब्या कसल्या असणार, तर कवळीच्या. त्या गुलाबी डबीत ओला तुकडा घालून माणूस घरी जाई आणि डॉक्टर मागून म्हणत, “दवाखान्यातून जंतू घेऊन जाताय, कुठे बोलू नका.” किती जणांना दिला याची गणती ताईंनी ठेवली नाही. विरजण देताना कोण मोजतं.

वर्षं गेली. ताईंचा नवरा गेला. लेक मोठी होऊन नर्स झाली, ऑपरेशन थिएटरमध्ये. खाण तशी माती, असं डॉक्टर कौतुकाने म्हणाले. मग डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. पहिल्यांदा ते ताईंच्याच लक्षात आलं. काही दिवसांनी डॉक्टरांनीच दात बघायचा आरसा खाली ठेवला आणि पाटी उतरवली. ते लांब लेकीकडे राहायला गेले. जाताना खुर्ची विकली, अवजारं दिली, आणि टाकीशी उभे राहून म्हणाले, “ही तू ने. ही विकायची नाही.”

टाकी ताईंच्या बाहेरच्या खोलीत आली. जुनं पाणी बादल्यांतून आणलं, स्पंज ओलाच आणला, बोळक्याला मांडीवर पिशवीत धरून आणलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी डॉक्टरांचा फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, “पाणी कसं आहे?” पुढेपुढे दुसरं वाक्य त्यांना सापडेनासं झालं. ते जेवले की नाही ते विसरू लागले, नातवाला भलत्याच नावाने हाक मारू लागले. त्यांच्या लेकीने एकदा ताईंना हळूच सांगितलं की आठवड्यातला तेवढा एक फोन ते विसरत नाहीत, आणि ‘पाणी ठीक आहे’ ऐकलं की त्या दिवशी नीट जेवतात. तेव्हापासून ताई टाकीकडे बघताना नुसती टाकी बघत नसत.

अलीकडेच ताईंची लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. घर दुधाच्या बाटल्यांनी भरलं. ओट्यावर पुन्हा भांडं वाफाळू लागलं, त्यात बाटल्या उकळू लागल्या, आणि ताईंना आपलं तरुणपण परत आल्यासारखं वाटलं. आठवड्याच्या मध्यावर त्या डोळे तपासायला गेल्या. डोळ्यात औषध घातलेलं, समोरचं अंधुक दिसत होतं, तशाच संध्याकाळी दारात आल्या. अंधुक दिसत असूनही त्यांना टाकी दिसली. ती चमकत होती. पाणी आहे की नाही ते कळू नये, अशी.

लेक पुसायचं फडकं खांद्यावर टाकून उभी होती, थकलेली आणि खूश. म्हणाली, “किती घाण झाली होती गं आई. स्पंज तर नुसता काळा. बाळ घरात आहे, म्हटलं एकदा नीट उकळून काढावं सगळं.” आईचा चेहरा बघून ती थबकली आणि जरा लहान आवाजात म्हणाली, “तू करायचीस ना तसंच केलं. मी दगड द्यायचे, आठवतं? शनिवारी?”

ताई खुर्चीत बसल्या. त्यांना आठवत होतं, अगदी गिरकीसकट आठवत होतं. पुढची इतकी वर्षं त्या योग्य रीतीने टाकी सांभाळत होत्या, पण तोवर लेक मोठी झाली होती, शनिवारी मैत्रिणींकडे जाऊ लागली होती. तिने पाहिलं होतं ते फक्त आईचं चुकणं, आणि आयुष्यातला आईबरोबरचा सगळ्यात आवडता वेळ म्हणून तेच जपून ठेवलं होतं. याला कसं रागवायचं, हे ताईंना सुचेना. त्या एवढंच म्हणाल्या, “दमली असशील. बस जरा.”

पण पाण्याला माया कळत नाही. ताईंनी खाणं बंद केलं. बादल्या भरून ठेवल्या, रोज थोडं थोडं पाणी बदललं. तरी दुसऱ्या दिवशी नळी हिरवट झाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी गडद. टाकीत तेव्हा तीन मासे होते. धाकटा गेला. बोळका पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत राहिला, कल्ल्यांच्या कडा लाल झाल्या. आता लेकीला सांगावंच लागलं. ती ऐकत राहिली, मग बाळाला ताईंच्या हातात देऊन मोरीत जाऊन रडली. थिएटरमध्ये एक हातमोजा चुकीच्या जागी लागला तर सगळ्यांना थांबवणारी ती मुलगी, करायला गेली एक आणि झालं भलतंच.

पाणी पुन्हा मुळापासून तयार व्हायला महिना तरी हवा, आणि बोळक्याकडे महिना नव्हता. जिवंत स्पंज हवा होता. मासेवाल्याचं दुकान कधीच गेलं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ज्यांना तुकडे दिले होते त्यांतल्या आठवतील त्यांना ताईंनी फोन लावले. कुणाची टाकी फुटली होती, कुणी घर बदललं होतं, एका घरी टाकीत आता बटाटे ठेवत होते. आणि रविवार उजाडला.

फोन वाजेपर्यंत ताईंचं ठरलं होतं. ठीक आहे म्हणायचं. आयुष्यभर अनोळखी माणसांचे हात धरून खोटं बोलले, एका म्हाताऱ्या जिवासाठी अजून एकदा बोलायला काय हरकत आहे. लेक बाळाला थोपटत समोर बसली होती.

“पाणी कसं आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

ताईंच्या तोंडून ते वाक्य निघेना. डॉक्टरांसमोर त्या पेशंटांशी खोटं बोलल्या होत्या, डॉक्टरांशी कधी नाही. “बिघडलंय, डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “बोळका वर येतोय.”

लेकीने थोपटणं थांबवलं. ताईंना वाटलं, डॉक्टरांनी फोन ठेवला, आता त्यांचं आजचं जेवण गेलं. मग डॉक्टरांचा आवाज आला, दवाखान्यातला, आरसा हातात असतानाचा.

“पुन्हा उकळलास काय गं स्पंज?”

ताईंनी लेकीकडे पाहिलं. “हो,” त्या म्हणाल्या, “उकळला मी.”

डॉक्टर हसायला लागले. इतकं हसले की ठसका लागला, मागून त्यांच्या लेकीचा घाबरलेला आवाज आला. ठसका ओसरल्यावर ते म्हणाले, “वरचे पुढचे चार.” ताईंना कळेना. डॉक्टर चिडले, जसे नेहमी चिडायचे. “अगं, वरचे पुढचे चार. दातांनी दोरा तोडायची ती. तिला डबीतून दिला होतास.” आणि मग पुन्हा ते हरवले. विचारू लागले की आज नंबर किती आहेत.

शिंपीणबाई. दातांनी दोरा तोडून तोडून पुढचे चार दात घालवून बसलेली शिंपीणबाई. ताईंना नाव आठवलं नव्हतं, चेहरा आठवला नव्हता, आणि नातवाचं नाव विसरलेल्या माणसाला तिचे दात आठवले होते. बाळाला कडेवर घेऊन मायलेकी तशाच निघाल्या. दुकान जुन्या जागी नव्हतं, पण बाजारात दोन ठिकाणी विचारल्यावर सापडलं. मशीनच्या मागे, रिळांच्या फळीखाली, टाकी होती. पाणी थोडं पिवळसर, मासे गुटगुटीत, आणि कोपऱ्यात काळाकुट्ट स्पंज. ताईंना त्याच्याइतकं सुंदर काही बरेच दिवसांत दिसलं नव्हतं.

शिंपीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची एक कात्री आहे, कापडाशिवाय दुसऱ्या कशालाही न लावलेली. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने कागद कापला तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला होता. त्यांनी ती कात्री काढली, ओल्या स्पंजाचे सरळ दोन भाग केले आणि मोठा ताईंना दिला. ताई नको म्हणत होत्या, लहान पुरे म्हणत होत्या. “तुमचाच आहे,” शिंपीणबाई म्हणाल्या. मग मशीनचा खण उघडून त्यांनी गुलाबी डबी काढली. त्यात इतकी वर्षं सुट्या बटणांचं बस्तान होतं. बटणं टेबलावर ओतली आणि डबी रिकामी करून दिली.

रस्त्यात डबी लेकीच्या हातात होती. घरी आल्यावर ताईंनी टाकीचं झाकण उघडून धरलं आणि स्पंज लेकीलाच बसवायला लावला. तिने हात धुवायला नळ उघडला होता, तो तिचा तिनेच बंद केला.

एका दिवसात चमत्कार झाला नाही. पाणी बदलणं चालू होतं, नळी हिरवीच येत होती, फक्त रोज जराशी फिकी. लेक बाळाच्या बाटल्या उकळायला लावायची आणि मग नळी उजेडात धरून बघत बसायची. आठवडा सरता सरता बोळका वर यायचा थांबला आणि तळातले दगड हुंगू लागला.

रविवारी फोन वाजला तेव्हा ताईंचे हात बादलीत होते. फोन लेकीने घेतला. पलीकडून तेच वाक्य आलं. उत्तर द्यायच्या आधी तिने मनातलं सांगून टाकलं. “डॉक्टरकाका, मागच्या वेळी आई खोटं बोलली. स्पंज मी उकळला होता.”

मागच्या रविवारचं डॉक्टरांना काहीच आठवत नव्हतं. कुठला स्पंज, त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “तू स्टुलावर बसणारी ना? गिरकी घेऊन दगड देणारी?”

“हो, काका.”

“मग उकळणारच,” डॉक्टर म्हणाले. “आमच्याकडेच शिकलीस तू.” आणि पुन्हा पहिल्यापासून, जणू फोन आत्ताच लागला होता, त्यांनी विचारलं, “पाणी कसं आहे?”

लेकीने आईकडे पाहिलं. आई ओल्या हातांनी डोळे पुसत होती, त्यामुळे तिचा काही उपयोग नव्हता. मग तिने टाकीकडे पाहिलं. बोळका काचेला तोंड लावून उघडमीट करत होता.

“तयार होतंय, काका,” ती म्हणाली.